कालपासूनच वाजतंय

"तुमच्या गाडीतून चीं चीं आवाज येतोय हो. पिल्लंबिल्लं शिरलीत की काय?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

गुंडीची आई हसली. "जुनी झालीय काकू, कुरकुरणारच!" असं म्हणून तिने काच वर केली आणि गाडी काढली.

मित्रांनो, ती पिल्लं नव्हती. ती मी होते. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी, वाकड्या टोकाची, आता जुनी झालेली एक पोलादी पट्टी. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण मी राहायचे गाडीच्या चाकाआड. तिथे चाकाबरोबर गरगर फिरणारी एक लोखंडी चकती असते. ब्रेकवर पाय पडला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. दर वेळी पॅड थोडासा झिजतो, तुमच्या खोडरबरासारखाच. त्यातल्या एका पॅडच्या कडेला मला बसवलं होतं.

माझं काम ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. काम होतं गप्प बसण्याचं. पॅड जाड आहे तोवर मी चकतीला शिवायचंसुद्धा नाही. तो पातळ झाला की माझं टोक चकतीला टेकतं आणि मी किंचाळते. मला घडवणाऱ्यांनी मुद्दामच मला असा कर्कश आवाज दिला. गोड आवाजाला कोण दचकणार?

गप्प बसण्याची ती वर्षं कंटाळवाणी मात्र नव्हती. चाकाआडून दिसत काही नसे, पण ऐकू सगळं यायचं. गुंडी कापडात गुंडाळून घरी आली ती याच गाडीतून. त्या दिवशी तिची आई रस्ताभर म्हणत होती, "हळू चालव रे, हळू," आणि बाबा म्हणत होते, "अगं, यापेक्षा हळू म्हणजे ढकलतच न्यावी लागेल!" ही आई मोठी सावध. टेबलाचे कोपरे तिने म्हणे स्पंजने मढवले होते, दूध मनगटावर तीनतीनदा टाकून बघायची. म्हणून माझी खात्री होती, मी एकदा ओरडले की ही बाई दुसऱ्या मिनिटाला गाडी थांबवणार.

झालं भलतंच. काकूंनी हटकल्यावर थोड्याच दिवसांत गुंडीने माझा आवाज उचलला. गाडी थांबायला लागली की मागच्या सीटवरून ती माझ्या सुरात सूर मिसळायची, "चींऽऽ!" मग सगळे टाळ्या वाजवायचे. बाबांनी त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. डोंगराच्या पायथ्याच्या गावात गुंडीचे आबा, म्हणजे आईचे वडील, एकटे राहायचे. ते रोज फोनवर "चीं करून दाखव गं" म्हणायचे. पाहुणे आले की फर्माईश व्हायची. माझं एवढं कौतुक झालं, पण मी काय सांगतेय हे विचारायला कुणाला सुचलं नाही. मी ओरडत राहिले आणि पॅड झिजत राहिला.

एका सुट्टीच्या सकाळी सगळे आबांना भेटायला निघाले. आमचं घर डोंगरावर; खाली उतरायचा रस्ता उभ्या उताराचा, वळणावळणाचा, एका बाजूला खोल दरी. आई गाडी चालवत होती. फाटकाशी गतिरोधक आला, तिने ब्रेक दाबला आणि मागून गुंडी म्हणाली, "खर्रर्र!"

"चीं म्हण ना राणी," बाबा म्हणाले.

"नाही. गाडी आता खर्र म्हणते."

खरंच होतं ते. पॅड संपला होता. लोखंडावर लोखंड घासत होतं आणि माझं टोकही झिजून गेलं होतं. आईने गाणी बंद केली, काच खाली केली आणि पुन्हा ब्रेक दाबला. पुन्हा तेच खर्र. तिने गाडी कडेला घेतली.

"येताना गॅरेजमध्ये दाखवू ना," बाबा म्हणाले. "आबा वाट बघत असतील."

"बघू देत. या ब्रेकवर मी तो उतार उतरणार नाही."

ती जपून, सपाट रस्त्याने गाडी गॅरेजला घेऊन गेली. मिस्त्रींनी चाक काढलं, मला पॅडसकट उचलून बाकावर ठेवलं आणि विचारलं, "कधीपासून वाजतंय?"

"कालपासूनच," बाबा म्हणाले.

"सगळ्यांचं कालपासूनच असतं, साहेब. उतारावर सारखा ब्रेक दाबावा लागला असता, तर ऐनवेळी दगा दिला असता याने."

नवे पॅड बसेपर्यंत गुंडी कंटाळून "खर्रर्र" करत बसली. मिस्त्रींनी तिला सहज विचारलं, "आणखी कुणाचा आवाज काढता येतो तुला?" मग काय! तिने लिफ्टचा काढला, मिक्सरचा काढला. "आणि आबा फोनवर कसे बोलतात?" बाबांनी विचारलं. गुंडीने हात कानाला लावला. "काय गं... हंऽ... जेवलीस... हंऽ... का?" दोन शब्द, मग धाप. पुन्हा दोन शब्द, पुन्हा धाप. बाबा आणि मिस्त्री खो खो हसले.

आई हसली नाही. तिने आबांना फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, धाप का लागतेय तुम्हाला?"

"काही नाही गं... जिना चढून... आलोय."

"बाबा, तुम्ही तळमजल्यावर राहता."

"आम्ही निघतोच आहोत," असं म्हणून तिने फोन ठेवला.

चाक बसताच ते तिघे निघाले. मी बाकावरच राहिले. नंतरचे कित्येक दिवस मला एकच उत्सुकता होती, पुढे काय झालं असेल? मग एकदा हवा भरायला तीच गाडी आली. पुढच्या सीटवर एक म्हातारे गृहस्थ होते आणि न थांबता बोलत होते, "तुझ्या त्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं, जिना चढणं बंद केलं, आता रोज चार गोळ्या गिळायच्या आणि वर हसायचं, होय गं?"

"हसू नका, पण गिळा," आई म्हणाली.

आता मी मिस्त्रींच्या फळीवर असते. नव्या गिऱ्हाइकांना ते मला दाखवतात. गिऱ्हाइकं मान डोलावतात आणि म्हणतात, "आमचं मात्र कालपासूनच वाजतंय हं."

मित्रांनो, गाडी कुरकुरली तर ते मोठ्यांना सांगा आणि गाडी थांबवायला लावा. पण त्याआधी एक करा. तुमचं एखादं माणूस लांब, एकटं राहत असेल. त्याला आज फोन करा. "बरा आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. जेवायला काय होतं, दुपारी कोण आलं होतं, असं काहीतरी लांबलचक विचारा. मग तुम्ही गप्प बसा आणि पलीकडचं वाक्य एका दमात पुरं होतंय का, ते ऐका.