गेणूआबांचा ढालकिड्यांचा कळप

निरवांगीत माझ्या सासऱ्यांना, गेणूआबांना, मेंढरं विकल्यापासून राखायला काही उरलं नव्हतं. म्हणून ते घरातल्या माणसांनाच राखत. दारच्या वालावर माव्याची कीड पडली तेव्हा निदान मी तरी सुटले.

"औषध मारायचं न्हाय," आबा म्हणाले. "ढालकिडं सोडू. मावा म्हंजी त्येंचा चारा."

वाल सासूबाईंचा, जिवापाड जपलेला. "आठ दिस देते," त्या म्हणाल्या. "मग पंप हाय न् मी हाय."

आबांनी लसूणघासाच्या रानातून चाळीसेक ढालकिडे बरणीत भरून आणले, लाल पाठीवर काळ्या ठिपक्यांचे. ते पळू नयेत म्हणून वेलाभोवती लावली काय, तर मेंढरं कोंडायची जुनी जाळी. तिच्या एकेका भोकातून माझा हात जात होता! दुपारपर्यंत अर्धा कळप उडाला. मग माझी चांगली मच्छरदाणी वेलावर गेली. आबा आत काठी घेऊन बसले. कितीतरी वर्षांनी खूश दिसत होते, खोटं कशाला बोलू.

सहाव्या दिवशी आरडाओरडा. "लांडगं! लांडगं शिरलं कळपात!" पानांवर काळ्या, काटेरी अळ्या फिरत होत्या. दोन दिवस आबांनी एकेक अळी वेचून साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. चहासुद्धा तिथंच मागवला. मावा मात्र वाढतच चालला.

आठव्या दिवशी सासूबाई पाठीवर पंप घेऊन हजर. आबांचं तोंड इतकं उतरलं की मला राहवेना. वेलावर एकच अळी उरली होती, तिचा फोटो मी स्वरालीला पाठवला. माझी लेक बारामतीला शेतीचंच शिकते. तिचा लगेच फोन आला. मी स्पीकर लावला.

"आबा, हा कसला लांडगा? हे ढालकिड्याचं पिल्लू हाय! सगळ्यात जास्त मावा तर हीच पिल्लं खातात. बाकीची कुठंयत?"

आबा बादलीत वाकून बघू लागले. अंधारातही कोकरू कुठल्या मेंढीचं ते सांगणारा हा माणूस! मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटत होतं.

सासूबाईंनी पंप उतरवला. आबांच्या हातातली काठी काढून घेतली, मच्छरदाणीत शिरल्या आणि त्या एकुलत्या अळीसमोर मांडी घालून बसल्या.

"आता राखण मी करते," त्या म्हणाल्या. "तुमी भायेर बसा. लांडग्याला आत घेत न्हायत."