माझा उरलेला ताण

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. टीव्हीची नव्हे, पुलाच्या तुळईच्या पोटातली. पोलादी तारा पिळून मला घडवलं, तुळईतल्या नळीत घातलं, यंत्राने जीव जाईस्तोवर ओढलं आणि टोकांना पाचरी ठोकून कायमचं अडकवलं. मी आवळून धरते म्हणून काँक्रीट फाटत नाही.

पण ताण जन्मभर पुरत नाही. काँक्रीट आक्रसतं, दाबाखाली आखडतं, मीही सैलावते. किती सैलावेन, याचा अंदाज आधीच बांधतात. पूल बांधणाऱ्या आमच्या साहेबांनी तो मुरलेल्या काँक्रीटचा बांधला आणि उद्घाटनाच्या घाईत मला ओढलं कच्च्या काँक्रीटमध्ये. कच्चं फार आखडतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी अंदाज बदलला नाही. चाचणीसाठी भरलेले ट्रक वरून गेले तेव्हा मात्र ते स्वतः पुलाखाली उभे राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही आत फुशारले. मूर्ख होते मी.

वर्षं लोटली. साहेबांची पुतणी इंजिनिअर होऊन तपासणीला आली. तिने तुळईला बारीक खाच पाडली. ताण शाबूत असता तर खाच दाबाने मिटत आली असती. ती जेमतेम मिटली.

"काका, निम्मा ताण गेलाय. पूल बंद करायला सांगा."

अजून साहेबांचाच शब्द चालायचा. ते म्हणाले, "अगं, वजन घालून बघू ना. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"मग तेव्हासारखे खाली उभे राहा."

साहेब गुडघा चोळू लागले. "चिखल आहे गं. शेजारचा तो पंक्चरवाला आहे ना, त्याला उभं कर."

पंक्चरवाला छाती काढून उभा राहिला. ट्रक आले. माझ्या दोन तारा तुटल्या, पण त्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही.

"बघ, झालं का त्याला काही?"

"आज नाही झालं, काका," पुतणी म्हणाली. पुढच्याच महिन्यात तिची बदली झाली.

आता पंक्चरवाला गिऱ्हाइकांना सांगतो, "हा पूल मी पास केलाय!" पूर्वी तो आपल्या टपरीत झोपायचा. हल्ली बायको-लेकरांची खाट बरोबर माझ्याखाली टाकतो. पूल त्याला घरचाच वाटतो.

मित्रांनो, माझी निगा राखा असं म्हणायची वेळ कधीच निघून गेली. मला फार भीती वाटते. त्याला कुणीतरी एवढंच सांगा, खाट परत टपरीत ने म्हणावं.