बांधाला खांड

कमळाकरने खाट भेंडीच्या झाडाच्या सावलीत ओढली, सदरा काढून फांदीला अडकवला आणि आडवा झाला. कारखान्याच्या पाळ्यांनी महिनाभर त्याच्या झोपेचं खोबरं केलं होतं. कळव्याच्या खोलीत दिवसा डोळा लागायचा तो शेजारच्या स्टोव्हच्या फरफराटाने उघडायचा. इथे गावी खाडीचा वारा होता आणि पोटात आईने वाढलेली तांदळाची भाकरी, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि वर पुन्हा भात. आई आज जरा जास्तच वाढत होती. नको म्हटलं तरी ताटात पडत होतं. पण आवडीचं कालवण समोर असताना संशय घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि कमळाकर तर उपाशीच आला होता.

जेवताना त्याने बातमी सांगितली. लावणीसाठी रजा मंजूर झाली होती. फोरमनच्या किती मिनतवाऱ्या केल्या, तेही त्याने नकला करून सांगितलं. जमीन सरकारने कागदावर केव्हाच घेतली होती, साऱ्या गावाचीच. पण ताबा घ्यायला कोणी फिरकलं नव्हतं, म्हणून गाव दरवर्षी पेरत होतं. कोणी हटकेपर्यंत भात लावायचा, एवढंच कमळाकरचं म्हणणं. त्या चिखलातल्या दिवसांच्या आशेवर तो मशीनपुढचं सारं वर्ष काढत असे.

त्याच्या बापाने, सितारामने, ऐकून नुसतं "बरं" म्हटलं आणि आपल्या ताटातला निवटा उचलून मुलाच्या ताटात टाकला.

"आता झोप जरा," तो म्हणाला. "सुट्टी हाय ना तुझी."

कमळाकर झोपला, आणि चांगला घोरत झोपला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंग हलकं झालं होतं. आळोखेपिळोखे देत तो खाडीच्या बांधाकडे निघाला. पुनवेचं उधाण होतं, खाडी काठोकाठ भरलेली बघायला त्याला लहानपणापासून आवडे. बांध जवळ आला आणि तो थबकला. पाण्याचा आवाज खाडीच्या बाजूने यायला हवा होता. तो शेताच्या बाजूने येत होता.

त्यांच्याच शेताच्या तोंडाशी बांधाला खांड पडली होती. पुरुषभर रुंद वाटेने खाडी आत शिरत होती आणि उन्हाने भेगाळलेल्या जमिनीवर पसरत होती. खारं पाणी एकदा शेतात बसलं की तीन-चार वर्षं भाताचं नाव नाही. कमळाकरने दगड लोटले, ढेकळं टाकली, छातीभर पाण्यात उभा राहिला. सगळं वाहून गेलं. मग त्याची नजर खांडीच्या कडांवर गेली. कडा सरळ होत्या, फावड्याने तासलेल्या. खेकड्याच्या बिळाने फुटलेला बांध असा दिसत नाही.

तो गावाकडे धावत सुटला. "खांड पडली," ही हाक ऐकली की ह्या गावात माणूस हातचा घास टाकून उठे. सुतकातला उठे, आजारी उठे. सिताराम तर अंगाला हळद लागलेली असताना उठला होता आणि लोक चिखल घेऊन येईपर्यंत खांडीत पाण्याला पाठ लावून बसला होता. ती गोष्ट अजून गावातल्या प्रत्येक लग्नात सांगितली जाई, आणि दरवेळी पाणी थोडं वाढत असे.

पहिल्याच ओटीवर नामदेव जाळं सांधत बसला होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा जाळ्यात घातली. विहिरीवरच्या बायका कळशा भरत राहिल्या. कमळाकर प्रत्येक दारापुढे ओरडत गेला, बांध कोणीतरी कापलाय म्हणून सांगत गेला. लोक घरात होते, जागे होते, आणि एकही उठला नाही. त्याला वाटलं, आपण अजून खाटेवरच आहोत आणि हे सगळं झोपेत चाललंय. तो परत नामदेवपुढे येऊन उभा राहिला.

"घरी जा, कमळाकर," नामदेव हळू म्हणाला. "बा बसलाय तुझा."

निदान फावडं तरी घ्यावं म्हणून तो घरी आला. फावडं नेहमीच्या कोपऱ्यात नव्हतं. ते न्हाणीपाशी भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. स्वच्छ धुतलेलं, दांडा अजून ओला. ओटीवर सिताराम पाय सोडून बसला होता. त्याच्या पोटऱ्याही धुतलेल्या होत्या, फक्त नखांत बांधाची काळी माती राहिली होती.

कमळाकर फावड्याकडे बघत राहिला, मग बापाकडे.

"बा, तू?"

"सगल्या गावानं ठरवलं. हात माझा." सितारामचा आवाज शांत होता. "सरकारी साहेब सांगून गेला, लावनीच्या आधी भरावाच्या गाड्या येनार. डोंगर फोडून आनलेली माती. ती पडताना बघवली नसती."

"मला सांगायचं तरी."

"तू थांबवलं असतंस."

ते खरं होतं. आई दारात उभी होती, पदराचं टोक तोंडाशी धरून. कालवण का एवढं वाढलं, ते कमळाकरला आता कळलं. ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ओरडायचं ते कळेना.

"तुझ्या आज्यानं खाडीकडनं घेतलेली," सिताराम म्हणाला. "खाडीला दिली."

ओटीवरून शेत दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज येत होता.

"शेतातल्या चिंचेच्या बुडाशी आलं का पानी?" सितारामने विचारलं.

"यील आता," कमळाकर म्हणाला. त्याच्या विजारीतून अजून खारं पाणी ठिबकत होतं.

सितारामने मान हलवली. मग मुलाकडे न बघता म्हणाला, "ती रजा मोडू नको. ये तेव्हा. झोपायला ये."

आई अंगणात उतरली. ऊन सरकलं होतं. तिने भेंडीखालची खाट धरली आणि पुन्हा सावलीत ओढली.