चालत्या कुलपाला हात

अकरा महिने फोन रोज सकाळी किल्लीमामाला एकच प्रश्न विचारत होता आणि अकरा महिने मामा त्याला एकच उत्तर देत होता. नवीन अपडेट तयार आहे, आता टाकायचं की नंतर? मामा अंगठ्याने "नंतर" दाबायचा, मग दुकानाचं शटर वर करायचा, मग कानशी ओळीने मांडायचा. दात घासावेत तितक्या सवयीने हे चालायचं.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची पोकळी. मामा ताठ उभा राहिला की डोकं तिसऱ्या पायरीला लागायचं. भिंतीभर खिळे, खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, पुढ्यात किल्ली कापायचं यंत्र. सख्खी भाची एकच, पण सगळा रस्ता त्याला मामा म्हणायचा. कोणी विचारलं, की मामा, कुलपाला तेल कधी घालायचं, सफाई कधी करायची, तर तो म्हणायचा, "चालत्या कुलपाला हात लावू नये." त्यालाही कारण होतं. चालतं कुलूप खोलून बघणाऱ्या उचापतखोरांवरच त्याचा निम्मा धंदा उभा होता. फोन चालत होता. मग त्याच्या पोटात हात कशाला घालायचा?

आता मामाचं गुपित सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं. लोकांना वाटायचं, मामाच्या हाताला किल्ल्या आठवतात. कोणी रडवेलं होऊन आलं, किल्ली हरवली म्हणालं, की मामा डोळे मिटायचा, बोटं हवेत हलवायचा आणि म्हणायचा, "तासाभराने या." तासाभराने किल्ली तयार. दाराला हात न लावता! लोक तोंडात बोटं घालायचे. बोटं हलवणं हा निव्वळ नाटकीपणा होता. मामा कापलेली प्रत्येक किल्ली चौकटीच्या कागदावर ठेवून तिचा फोटो काढायचा. चौकटी मोजल्या की दाता-दाताचं माप मिळायचं. किल्लीशेजारी पेन्सिलीने घर लिहिलेलं असायचं, आणि पुन्हा कधी घरी जाऊन बसवायची वेळ आली तर हेलपाटा नको म्हणून आणखी चार शब्द. "पिवळी इमारत, दुसरा मजला, दुपारी कोणी नसतं." "कोपऱ्यावरचं घर, कुत्रा गेल्या वर्षी मेला." अशा सहाशे बारा किल्ल्या त्या फोनमध्ये होत्या. बायको गेल्यापासून मामाशी मन लावून बोलणारं घरात कोणी नव्हतं, त्यामुळे हे कोणाला सांगायची वेळ आली नाही.

त्या दिवशी भाची ऑफिसला जाता जाता दुकानात डोकावली. ती एका फोन कंपनीत होती, मामाचा फोनही त्याच कंपनीचा. तिच्या विभागाचं काम मोठं गमतीचं. नवीन अपडेट सोडलं की किती लोकांनी घेतलं आणि किती जण अजून जुन्यावरच बसलेत, हे मोजत राहायचं. भिंतीवर भला मोठा पडदा होता म्हणे, त्याच्यावर आकडा सरकायचा. आठवड्यापूर्वीच तिने स्वतंत्र खोली घेतली होती, मामाच्याच शब्दावर, मामाच्याच एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या, सिस्टरच्या, घरात.

मामाने तिच्यादेखत "नंतर" दाबलं.

"मामा! तू पण?" ती ओरडलीच. "चाळीस टक्के लोक अडून बसलेत, आमचे साहेब आम्हाला धारेवर धरतायत, आणि त्यांचा म्होरक्या माझ्याच घरात!"

"अगं, चालतोय की फोन."

"चालतोय म्हणूनच तर भीती. ऐक, तुझ्या भाषेत सांगते. समज, कुलपाच्या कारखान्याने पेपरात जाहिरात दिली, की आमचं अमुक कुलूप केसांच्या पिनेने उघडतं, तरी सर्वांनी नवीन फुकट घेऊन जावं. ती जाहिरात चोर पण वाचतो ना? आता जुनंच कुलूप दाराला ठेवून बसलेल्याचं काय होईल?"

मामाच्या हातातली कानस थांबली. अकरा महिन्यांत हे त्याला कोणी असं सांगितलं नव्हतं. फोन नुसता म्हणायचा, सुधारणा आणि दुरुस्त्या. कसली दुरुस्ती, कुठलं भोक, काही नाही.

"दे इकडे," म्हणून तिने फोन घेतला आणि लगेच दुसऱ्या हातात केला. "केवढा तापलाय हा!"

"तीन दिवस झाले. बॅटरी पण टिकत नाही."

"तीन दिवसांपूर्वी काय उघडलं होतंस?"

उघडलं होतं. अनोळखी नंबरवरून निरोप आला होता, "मामा, आजोबांच्या पेटीचं कुलूप आहे, किल्ली नाही, कोणालाच उघडत नाहीये. तुम्हाला जमेल?" खाली फोटो. आता कुलूपवाल्याला कोणालाच न उघडणारं कुलूप दाखवायचं म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून बघू नको म्हणायचं. मामाने फोटो दाबला. काळा पडदा. पुन्हा दाबला, पुन्हा काळा. तीनदा दाबून वर त्याने उत्तर पाठवलं होतं, "नीट दिसत नाही, परत पाठवा." पलीकडून आलं होतं, "थांबा मामा, पाठवतो."

भाची बराच वेळ फोनमध्ये काहीतरी बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू उतरली. "मामा, तीन दिवसांत तुझ्या फोनमधून पुष्कळ काही बाहेर गेलंय. फोटो गेलेत, बहुतेक सगळे. काय होतं फोटोंत?"

सांगायला हवं होतं. 'किल्ल्या' म्हणायला जीभ टाळ्याला लागलीसुद्धा होती. पण इतकी वर्षं हवेत हलवलेली बोटं आड आली.

"मामीचे फोटो," तो म्हणाला. "दुसरं काय असणार?"

भाचीचा चेहरा मऊ झाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मग वाईट वाटतं, पण धोका नाही. बँकेचं काही उघडू नकोस. शेजारच्या शिंप्याच्या इंटरनेटवर मी अपडेट उतरवून घेते, तू 'आता' दाब आणि संपेपर्यंत हात लावू नकोस. अकरा महिन्यांचं साचलंय, वेळ लागेल. संध्याकाळी येऊन मी सगळा फोन पुसून देते." अपडेट उतरलं तशी ती गेली. मामाने आयुष्यात पहिल्यांदा "आता" दाबलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

फोनवर आकडा उगवला, दोन टक्के. त्याच्याकडे बघत मामा बसला असतानाच दवाखान्यातला कंपाउंडर आला. चेहरा ओढलेला.

"मामा, कुलूप बदलून द्या. काल कामावरून आलो तर कपाट रिकामं. दाराला ओरखडा नाही, कुलूप जसंच्या तसं. पोलीस म्हणाले, किल्लीने उघडलंय, घरातल्याच कोणाचं काम. दुसरी किल्ली धाकट्या भावाकडेच असते." तो खाली बघून बोलत होता. "रात्री त्याला घराबाहेर काढलं. शपथा घेत होता बिचारा."

मामाला कंपाउंडरची किल्ली दिसली, चौकटीच्या कागदावरची. शेजारी त्याचंच अक्षर. "नऊ ते पाच दवाखाना." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या याने पत्त्यासकट, वेळापत्रकासकट दिल्या होत्या. कुठल्याही कारागिराने चौकटी मोजाव्यात आणि कापावं, इतकं स्वच्छ काम.

"उद्या येतो बसवायला," मामा म्हणाला. धाकट्याबद्दल तो काही बोलला नाही. कंपाउंडर वळला आणि मामाला भाचीचा कागद आठवला. "भाची. सिस्टरच्या घरी वरची खोली. एकटी."

तसा तो धावला. पिशवीत पेचकस, नव्या कुलपाचा आतला गाभा आणि भाचीने अडीअडचणीला ठेवायला दिलेली जादा किल्ली. शर्टाच्या खिशात फोन, सव्वीस टक्के. रस्त्यात समोरून येणारा प्रत्येक माणूस त्याला आपल्याकडे बघून हसल्यासारखा वाटत होता. हा गेल्या महिन्यात काउंटरला टेकून उभा होता. त्या दुसऱ्याने विचारलं होतं, मामा, फोटो कशाला काढता? कोणी विचारलं होतं बरं? चेहरा आठवेना.

घर दोन मजली होतं, रस्त्याकडचा दरवाजा दिवसभर सताड उघडा. तळमजल्यावर घरमालकीण. आयुष्यभर नर्स होती, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. गुडघ्यांनी जिना चढणं सोडलं होतं. मामाची चाहूल नाही, पण सावली लागली तशी ती दारात आली.

"काय मामा, भरदुपारी? काही झालंय का?"

तिचीही किल्ली होती त्या सहाशे बारांत. "तळमजला, सिस्टर. एकट्या. ऐकू कमी येतं. दुपारी झोपतात." मामा पायरीवर थबकला. दोन वाक्यांचं काम होतं. पण सिस्टरला सांगायचं म्हणजे रस्त्याला सांगायचं, आणि पिशवीत गाभा एकच होता.

"नंतर सांगतो, सिस्टर," तो मोठ्याने म्हणाला.

"बरं बरं. मी जरा पडते. जाताना या." आणि तिने कानातलं यंत्र काढून मुठीत घेतलं, दाराला आतून कुलूप लावून घेतलं.

वर जाऊन मामाने आतून दार लावलं, जुना गाभा काढला, नवीन बसवला. एरवी पाच मिनिटांचं काम, आज स्क्रू दोनदा हातातून पडला. शेवटी किल्ली फिरवून बघितली. जरा घट्ट होती, पण कुलूप लागलं. मामाने कपाळ पुसलं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

हलकी, रबरी तळव्यांची. भाची टाचांचे बूट घालते. सिस्टर काठीशिवाय पाऊल टाकत नाही. पावलं दारापाशी आली, थांबली. मामाचे डोळे कुलपावर खिळले. बाहेरून किल्ली आत सरकली, न अडखळता, एकेका दातासरशी बारीक आवाज करत. हा आवाज मामाला स्वतःच्या खोकल्यासारखा ओळखीचा होता. नेमकी कापलेली होती, पार शेवटपर्यंत आत गेली. फिरली मात्र नाही.

मामाने खिशातला फोन काढला. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ. त्र्याण्णव टक्के. अकरा महिने याच्या विनवण्या धुडकावल्या, आणि आज एक नंबर लावायचा तर हा मुका. "कोण आहे?" एवढं ओरडायचंही त्याला सुचेना. त्याची पाचावर धारण बसली होती. किल्ली बाहेर निघाली, पुन्हा आत गेली, पुन्हा अडली. बाहेर कोणीतरी सावकाश श्वास सोडला. मग पावलं वळली आणि जिना उतरू लागली.

मामा फोनकडे बघत राहिला. शहाण्णव. नव्याण्णव. फोन थरथरला आणि उजळला, स्वागत आहे म्हणाला. मामाने भाचीला लावला.

"कुठे आहेस?"

"ऑफिसात. अरे मामा, तुझा फोन अपडेट झाला का? इथे पडद्यावर एक माणूस वाढला असेल बघ." ती हसत होती.

"अगं, त्या फोटोंत मामी नव्हती," मामा म्हणाला. "मामीचा एकही फोटो नाहीये माझ्याकडे. किल्ल्या आहेत. सगळ्यांच्या. आत्ता तुझ्या दाराला कोणीतरी किल्ली लावून गेलं. मी आतच आहे, कुलूप बदललंय, तू घाबरू नकोस."

तिने विचारलं, अगदी हळू, "मामा, सिस्टरची किल्ली?"

तेवढ्यात खालून कुलपाचा आवाज आला. ते कुलूप त्यानेच बसवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, तेल घालून. दोन फेऱ्यांचं. एक फेरी झाली. दुसरी झाली. कुठे घासलं नाही, कुठे अडलं नाही. दार उघडलं.

"सिस्टर!" आता गळा फुटला. "सिस्टर, उठा!" तो दारावर झेपावला, पण नवीन कुलूप घट्ट होतं आणि घामेजल्या बोटांतून किल्ली निसटत होती. तो आतून दार बडवत राहिला, ओरडत राहिला.

खालून सिस्टरचा आवाज आला. कानात यंत्र नसलेली माणसं बोलतात तसा, मोठा आणि निवांत. उघड्या दारातून अंगावर पडलेली सावली तिला दिसली असावी.

"या मामा, आत या. नंतर सांगतो म्हणाला होतात ना? बसा, सांगा आता."