उपटलेला वेल

“हाऊ येल बी वांझच निंघना,” मंगलाबाई मोरीजवळ पुटपुटल्या. ऐकू जाईल इतपतच पुटपुटायचं, ही त्यांची कला. साडीला टिकल्या चिकटवणाऱ्या सुनेचा, सोनालीचा, हात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्यांच्या घरामागे पत्र्याच्या कुंपणावर रानातल्या करटुल्याचे दोन वेल होते. कंद मंगलाबाईंनी माहेरच्या डोंगरातून आणलेले. गेल्या वर्षी एकाला करटुली लागली, दुसऱ्याला नुसतीच फुलं. फुकट जागा अडवतो म्हणून मंगलाबाईंनी तो दुसरा उपटला. यंदा उरलेला वेल फुलांनी पिवळाधमक झाला, पण फुलामागची इवली काटेरी गाठ गळून पडायची.

त्या दुपारी सोनाली धावतच आली. ओढणीत रेल्वेच्या कुंपणावरून तोडलेल्या कळ्या.

“आई! तुम्ही नर उपटला!”

“आता येलमाबी नर-मादी?”

“हो! बाजारात करटुली विकणारी कंकोडावाली सांगते ना. वेगवेगळ्या वेलांवर असतात. हे बघा नराचं फूल, याच्यामागे गाठच नाही. आणि आपण आपल्या मादीलाच नावं ठेवतोय!”

दिवेलागणीला फुलं उमलली. लूमच्या कारखान्यातून आलेल्या नवऱ्याने, कुंदनने, स्टूल धरलं, सोनालीने फुलाला फूल टेकवलं. “ती कोपरामानी राहिनी! अवं, ती!” मंगलाबाईंना खाली उभं राहवेना.

चौथ्या दिवशी गाठी टपोरल्या. बाराव्या दिवशी आख्खी गल्ली कुंपणाशी. कुणी फोटो काढतंय, कुणी वानोळा मागतंय. मंगलाबाई तोडत होत्या, सोनाली ओढणीत झेलत होती, दोघी पोरींसारख्या हसत होत्या.

तेवढ्यात शेजारच्या प्रमिलाबाई म्हणाल्या, “वेलीवर चालला गं तुझा इलाज. आता तुझी कूस कधी फळायची? लग्नाला सहा वर्सं झाली.”

हसणं विझलं. कुंदन स्टुलाचा पाय नीट बसवू लागला. तो नीटच बसला होता. दवाखान्याचा कागद दोन वर्षं कपाटात साड्यांखाली होता. घरातल्या तिघांनी वाचलेला. गल्लीला मात्र ‘सोनालीची दवा चालू आहे’ एवढंच माहीत.

सोनालीने सवयीने मान खाली घातली.

मंगलाबाईंनी हातातलं करटुलं तिच्या ओढणीत ठेवलं. मग वळल्या.

“खोट मना कुंदनमा शे, प्रमिलाबाई. सोनालीमा नही.”