गाळलेली एकशे बारा घरं

ऑफिसात तिला सगळे आकडेताई म्हणत. आजारी माणसांना घरी जाऊन भेटणाऱ्या नर्सबाईंच्या दोन वर्षांच्या नोंदी तिच्याकडे आल्या होत्या. प्रश्न सरळ होता. भेटीमुळे रक्तदाब उतरतो तो केवळ माणसं गोळ्या वेळेवर घेतात म्हणून, की भेटीचा स्वतःचाही काही गुण आहे? सगळा गुण गोळ्यांचाच निघाला, तर भेटी बंद करून फोनवर मेसेज पाठवायचा, असं साहेबांच्या मनात होतं.

दर घरी भेटीच्या सहा फेऱ्या ठरल्या होत्या, पण सहाही फेऱ्यांच्या नोंदी सगळ्याच घरांच्या नव्हत्या. कुणाच्या चार, कुणाच्या दोनच. रिकाम्या रकान्यांवर प्रोग्राम अडून बसला होता आणि साहेबांचा तगादा चालू होता. शेवटी कंटाळून तिने अपुऱ्या नोंदींची एकशे बारा घरं सरसकट गाळली. उत्तर लगेच आलं. सगळा गुण गोळ्यांचा. साहेबांनी त्याच दिवशी भेटी बंद करण्याचं पत्र काढलं.

सोमवारी नर्सबाई आपली बॅग जमा करायला आल्या. रागावल्या नव्हत्या. मेसेजचे गुडघे दुखत नाहीत, त्याला जिने चढायला काय जातंय, असं हसत म्हणाल्या. जाता जाता त्यांनी आपल्या भेटीतल्या, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा विषय काढला. दोनदा ते दवाखान्यात होते म्हणून दार बंद मिळालं होतं. तेवढे दोन रकाने रिकामे.

तिने गाळलेल्या घरांची यादी उघडून पाहिली. जे जास्त आजारी, नेमके तेच तिने गाळले होते.

दुपारभर बसून तिने प्रोग्राम बदलला आणि सगळी घरं होती तशी परत घेतली, रिकाम्या फेऱ्यांसकट. आता गोळ्यांच्या वाटेने जेमतेम अर्धा गुण दिसत होता. उरलेला नुसत्या भेटीचा.

हे आधी का नाही दिसलं, साहेबांनी विचारलं. प्रोग्रामवर ढकलणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलेही होते.

"मी ती घरं गाळली होती," ती म्हणाली. "सोय म्हणून."

साहेबांनी आपलं पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाले, हे लेखी द्या, वर पाठवतो. पत्र मागे घ्यायला महिना तरी जाईल. तिने सहीनिशी लिहून दिलं आणि नर्सबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. महिनाभर त्यांना जाता येणार नाही, हेही.



"मग तोवर आजोबांकडे तुम्ही जा," नर्सबाई म्हणाल्या. "आणि बसा हं जरा. गोळ्या घेतल्या का विचारून लगेच उठू नका."

तिने पत्ता लिहून घेतला.