पहिली फुंकर टकलावर

बसा, पाठ टेका. अजून मला प्लगला लावलेलं नाही, तोवर चार गोष्टी सांगतो. मी या पार्लरमधला जुना ड्रायर बोलतोय. आरशाच्या डावीकडे खुंटीवर, मुठीला काळी पट्टी गुंडाळलेला, तो मी. लोकांना वाटतं, हा नुसता घोंघावतो. घोंघावतो खरा, पण घोंघावणाऱ्याला ऐकू येत नाही असं थोडंच आहे? उलट माझ्या आवाजावर मात करायला माणसं मोठ्यानं बोलतात, आणि मोठ्यानं बोलताना खोटं बोलणं जड जातं, हा माझा बारा वर्षांचा अनुभव.

जन्म कारखान्यातला. एक पंखा, एक तापणारी तार, तीन बटणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शिक्षण मात्र विजेच्या सामानाच्या दुकानात झालं. तिथल्या काचेच्या कपाटात आठ महिने होतो. दुकानदार जिभेवर साखर ठेवूनच दुकान उघडायचा. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "वस्तू वाईट नसते हो. हात आणि वस्तू यांचं जुळलं पाहिजे." मला वाटायचं, माल खपवायचं बोलणं आहे. पुढे कळलं की त्याच्या सबंध दिवसाच्या बडबडीत तेवढं एकच वाक्य खरं होतं.

मग या पार्लरच्या ताई आल्या. त्यांनी मला सुरू केलं, उजव्या तळहातावर हवा घेतली, मनात तीन आकडे मोजले आणि म्हणाल्या, "चालेल." झालं, मी त्यांचा झालो. ही परीक्षा रोजची होती. तळहाताला सोसेल ते केसाला सोसेल, हा त्यांचा नेम. स्वतः शिकल्या तेव्हापासूनचा.

आणि काय हात होता तो. ओले टपटपते केस माझ्यापुढे कधी आणायच्या नाहीत. आधी टॉवेलनं टिपायचे, चोळायचे नाहीत. मग बोटं फिरवत, जरा ओलसर राहीपर्यंत वाळवायचे. मग चार भाग; तीन चिमट्यांत, एक हातात. खालून गोल ब्रश, वरून मी, आणि माझी चोच मुळाकडून टोकाकडे. "केसावर कौलं असतात," त्या सांगायच्या. "उताराच्या दिशेनं वारा गेला की बसतात, उलटा गेला की उचकटतात." शेवटी निळं बटण दाबून गार हवेचा एक झोत, की घडी पक्की.

खुर्चीतून उठताना प्रत्येक माणूस एकदा मान हलवतो आणि आरशात तिरका बघतो. वकील असो की भाजीवाली, यात फरक नाही. एक डॉक्टरीणबाई तर माझ्या उबेत घोरायच्या आणि जाग आल्यावर म्हणायच्या, "मी ऐकत होते हं." अशा जागी नोकरी मिळायला नशीब लागतं.

दारापाशी स्टुलावर ताईंचे यजमान बसायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. डोकं इतकं गुळगुळीत की ट्यूबलाइट त्यात दिसावी. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासली. निवृत्त झाल्यावर इथे फोन घेणं आणि चहा करणं त्यांच्याकडे आलं. "सगळ्या दुकानात माझ्याच डोक्याला काम नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शनिवारी अकरा वाजता बाई यायच्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. ताई त्यांच्याच वर्गात शिकलेल्या, त्यामुळे बाई खुर्चीत रेलून बसायच्या आणि ताई मागे ताठ उभ्या राहायच्या.

गेल्या वर्षी काहीतरी बिनसलं. ब्रशात केसांचे बारीक तुकडे दिसू लागले. टोकांना दोनदोन फाटे. एखादा केस हातात घेतला की वाळल्या गवतासारखा कटकन तुटायचा. ताई ते तुकडे चिमटीत धरून हळूच एप्रनच्या खिशात टाकायच्या. दोन जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायचे थांबले. मी ओरडून सांगत होतो की फार तापलोय, पण माझं ओरडणं म्हणजे माझं रोजचंच बोलणं.

अशात एका शनिवारी बाई खुशीत आल्या. "शाळेत माझा फोटो लावणार आहेत. पुढच्या शनिवारी फोटोग्राफर येतोय. आधीचे पाच मुख्याध्यापक भिंतीवर असे बसलेत की मुलांनी दारातूनच परत जावं. मला तसं दिसायचं नाही, बघ."

"तुम्ही काळजीच करू नका," ताई म्हणाल्या. त्यांनी तळहातावर हवा घेतली, "चालेल" म्हणाल्या आणि कपाळावरची बट ब्रशावर घेतली. चर्र झालं. वास आला. बोटभर बट ब्रशातच राहिली.

बाईंनी आरशात पाहिलं आणि चष्मा घातला, मग काढला. ताईंनी मला बंद केलं. "याचं वय झालं," त्या म्हणाल्या. मी खालच्या खणात, जुन्या चिमट्यांच्या डब्याशेजारी.

सोमवारी नवा ड्रायर आला. पांढरा, देखणा, आवाजही नाजूक. मंगळवारी खणाच्या फटीतून तोच जळका वास आला. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. वाईट नंतर वाटलं.

"हाही तसलाच," ताई म्हणाल्या. "हल्ली वस्तूंत राम राहिला नाही." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माणसांनीच केली आहे. अंगणाला कोणी विचारलं नाही.

गुरुवारी अण्णांनी चहा केला. तेवढ्यात फोन वाजला, तो त्यांनी घेतला, म्हणून ताईंनीच उकळता पेला काठोकाठ भरून, पाचही बोटांनी वेढून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो कसाबसा टेबलावर टेकवला आणि बोटं कानाच्या पाळीला लावली.

"अगं, हात आहे की उलथनं?"

"एवढं काय? कोमट तर आहे."

अण्णांनी फोन ठेवला. "हात दाखव."

"भविष्य बघताय?"

"भूतकाळ बघतोय." त्यांनी तो उजवा तळहात उजेडात धरला. कातडी चकचकीत, राठ, ढोलावर ताणल्यासारखी. अण्णांनी दाबून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं. मग म्हणाले, "दोन्ही ड्रायर आण. जुनापण."

मला खणातून काढलं. अण्णा खुर्चीत बसले, टॉवेल लावून, गिऱ्हाइकाच्या थाटात. "तुझ्या हाताला ‘चालेल’ वाटेल तिथे थांब, आणि वीतभरावरून माझ्या डोक्यावर सोड."

ताईंनी हवा घेतली, "चालेल" म्हणाल्या, आणि नव्याचा झोत सोडला. अण्णा टुणकन खाली वाकले. मग मी. तेव्हाही वाकले.

"दोन्ही यंत्रं ठीक आहेत," अण्णा टक्कल चोळत म्हणाले. "हात चुकतोय. तीस वर्षं रोज हवा खाऊन त्याला आता गरम कळतच नाही."

ताई बाकावर टेकल्या. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांचे केस जाळले?"

"इतकी नाही. हात एका दिवसात राठ होत नाही. पण तराजू सोन्याचा असो की कोळशाचा, वर्षातून एकदा तपासावा लागतो. तुझा तेवढा राहून गेला. माझ्या घरातला असून राहिला, ही चूक माझी."

शनिवारी सकाळी नऊलाच बाई आल्या, डोक्याला रुमाल बांधून. ताईंनी आधी सांगून टाकलं. "बाई, चूक ड्रायरची नव्हती. माझा हात चुकला."

"माहीत आहे. वर्षभर कानाला चटके बसतायत."

"मग बोलला का नाहीत?"

"फळ्यापाशी एखादी मुलगी मन लावून गणित सोडवत असली की मी मध्ये बोलायची नाही. तीच सवय."

"गणित चुकत असलं तरी?"

"तुझं नेहमीच चुकायचं," बाई म्हणाल्या. मग रुमाल सोडत, "पण बोलायला हवं होतं. ते माझं चुकलं."

जळलेला केस परत जोडला जात नाही, बाटलीतून कोणी काहीही विको. ताईंनी टोकं दोन बोटं कापली. कपाळावरच्या तुटक्या बटेला सोबत म्हणून आणखी थोडे केस आखूड केले आणि नीटस झालर केली. नवा पुढे करणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जुना घे. कमीवर तो जास्त सौम्य आहे." इतकं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं.

पहिली फुंकर अण्णांच्या टकलावर. डोळे मिटून, जिभेवर चव घेतल्यासारखं करून त्यांनी निकाल दिला, "चालेल." मग मी बाईंच्या केसांत शिरलो, कमी आचेवर, वीतभर लांबून, एका जागी न थांबता. ताई दर भागाला विचारत होत्या, "गरम लागतंय का?" पाचव्यांदा बाई म्हणाल्या, "आता तोंडी परीक्षा पुरे." वेळ दुप्पट लागला, पण ब्रश कोरा निघाला.

फोटो शाळेत लागलाय. पाच गंभीर चेहरे आणि सहावा खळखळून हसणारा. फोटोग्राफरनं म्हणे सांगितलं होतं, गंभीर राहा. पण बाईंच्या डोळ्यांसमोर टॉवेल लावलेले अण्णा आले.

आता आम्ही दोघेही खुंटीवर असतो. नवा घाईच्या कामाला, मी नाजूक केसांना. दोन जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक परत आली, दुसरीची वाट पाहतोय. रोज दहा वाजता अण्णा टॉवेल लावून बसतात आणि डोक्याला काम मिळाल्याचं दुकानभर सांगतात. माझा पंखा जरा कुरकुरतो, मागच्या जाळीत केस अडकतात. ते काढत जा, तेवढीच विनंती. कधीतरी कायमचा बंद पडेन, त्याचं दुःख नाही. उबेतच जगलो.

चला, ताई आल्या. मला प्लग लागला. अण्णांनी "चालेल" म्हटलंय, पण डोकं तुमचं आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो.

गरम लागतंय का?